भिंगरीचा पाय

"आत वळायचा," नवरा म्हणाला.

"बाहेर."

"अगं, रोज सकाळी खाली बसून तिच्या बुटाचे पट्टे कोण आवळायचं? मी. आत वळायचा."

"आणि मी काय शेजारणीच्या पोरीचा हात धरून चालत होते? बाहेर वळायचा. बुटाची बाहेरची कड नाही का झिजायची?"

"पाय आत वळला की बाहेरचीच कड झिजते, बाईसाहेब. एवढी वर्षं बस चालवली मी. टायर कसा झिजतो ते मला नको सांगूस."

टायरचं खरं असेल, पण तिच्या डोळ्यांपुढचा पाय काही केल्या आत वळेना. तिने कप विसळायला घेतला आणि नवऱ्याने खिडकीकडे तोंड केलं. भांडण जिंकल्याचा आनंद त्याच्या पाठीवर कुठे दिसत नव्हता.

"दोघांनीच तर तिला रोज पाहिलं," तो खिडकीलाच म्हणाला, "आणि दोघांचंही जुळत नाही. अजून दहा वर्षांनी काय करायचं आपण?"

भिंगरीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका तापाचं निमित्त झालं. पायाचा आणि तापाचा काही संबंध नव्हता. एक पाय जन्मापासून वाकडा, पण त्याच पायावर गिरक्या घ्यायची, म्हणून नाव भिंगरी. फोटो होते, पण फोटोसाठी मुलांना उभंच करतात. चालतानाचा एकही नव्हता. घरात कॅमेरा यायचा तो कुणाच्या तरी लग्नापुरता, उसना.

"ऑफिसात आहे," ती कप उपडा ठेवत म्हणाली. "तिचं चालणं. जुन्या मशीनवर असेल. शुक्रवारी ते मशीन बंद करतायत."

नवरा वळला. "आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"आत्ताच धीर झाला."

तिचं काम माणसांना समजावून सांगायला अवघड, म्हणून ती सांगतच नसे. कुणी विचारलंच तर "कंप्युटरवर जाळ्या विणते" म्हणायची आणि समोरच्याला ते स्वेटरसारखं काहीतरी वाटायचं. पूल असो, पंपाची चाकी असो की माणसाचं हाड, त्यावर आधी बारीक जाळी टाकायची. जाळीच्या प्रत्येक गाठीला एक नंबर. मग कंप्युटर एकेका गाठीला विचारतो, तुझ्यावर किती भार आला, तू किती सरकलीस. सगळ्यांची उत्तरं एकत्र केली की कळतं, वस्तू टिकेल की मोडेल. गंमत अशी, की प्रत्येक सॉफ्टवेअरची ही जाळी लिहून ठेवायची पद्धत वेगळी, आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईल तर शपथ. त्यामुळे एका फॉर्मॅटमधली जाळी दुसऱ्या फॉर्मॅटमध्ये नेऊन ठेवणं, हेच तिचं निम्मं आयुष्य. घर बदलण्यासारखंच ते. सामान पोचतं, पण झाकणं एकीकडे आणि डबे भलतीकडे. हे सगळं ती कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. टायपिस्ट म्हणून लागली आणि विचारत विचारत इथवर आली. ऑफिसात सगळे तिला जाळीताई म्हणत.

भिंगरीचा पाय तिथे गेला तो असा. वाकड्या पायांसाठी आधाराचे बूट करणाऱ्या एका कारखान्याचं काम आलं होतं आणि त्यांना लहान मुलाचा पाय हवा होता. तिने घरचाच दिला. आधी डॉक्टरांनी पायाच्या आकाराचं माप घेतलं, मग भिंगरी दाब मोजणाऱ्या एका पट्टीवर पाय टाकत चालली. पावलाचा कुठला भाग कधी किती दाबला जातो ते पट्टीने टिपलं. त्यावरून कंप्युटरने एक पाऊल चालवून दाखवलं. टाच टेकली, तळवा दबला, अंगठ्यावर रेटा आला, पाय सुटला. आईच्या मांडीवर बसून भिंगरी ते बघत होती.

"आई, माझ्या पायाला मासे पकडायची जाळी घातलीस!"

"गप. हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? तो हलतोय."

त्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने दाढीला गाठलं. दाढी म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर. तिच्याहून थोडा लहान. जुनं मशीन शुक्रवारी विझवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

"ताई, त्या मशीनवर आता कोळिष्टकांशिवाय काय आहे?"

"माझी मुलगी आहे," ती म्हणाली.

दाढीने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. त्याने मशीनपुढची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

काम सापडायला वेळ लागला नाही. जाळीची फाइल होती. अगदी जुना फॉर्मॅट. तिने तो नव्यात नेला, गाठींचे नंबर तपासले, एकही हललेला नव्हता. मग तिने उत्तरांची फाइल उघडली आणि तिचे हात थांबले.

आत पावलाचा एकच क्षण होता. शेवटचा.

"बाकीचे क्षण कुठे गेले?" दाढी पाठीमागून म्हणाला. "पाऊल आहे ना हे? शंभरेक तरी असतील की."

"मी पुसले."

"तुम्ही?"

"डिस्क भरायची रे तेव्हा. मीच साहेबांना म्हटलं, संपलेल्या कामाची जाळी ठेवू, सूचनांची फाइल ठेवू आणि शेवटचा क्षण ठेवू. मधलं सगळं काढून टाकू. लागलंच तर पुन्हा चालवता येतं." ती पडद्याकडेच बघत होती. "साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं माझं."

पुसायला बसली होती तो दिवस तिला आठवत होता. संध्याकाळी घरी गेली तेव्हा भिंगरी दारातच गिरक्या घेत होती आणि ती ओरडली होती, पडशील म्हणून. चालतीबोलती पोर घरात असताना तिचं चालणं जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यात येतं?

"मग चालवू की पुन्हा," दाढी म्हणाला. "सूचना आहेत ना?"

सूचना होत्या. तिनेच लिहिलेल्या. कातडी किती मऊ, हाड किती कठीण, जमीन कशी, सगळं ओळीने. आणि जिथे पावलाचा दाब यायचा, तिथे नुसती एक ओळ. अमक्या डिस्कवरून 'भिंगरीची चाल' नावाची फाइल घ्या. ती डिस्क होती बुटांच्या कारखान्याची. कारखाना बंद पडूनही जमाना झाला होता. पट्टीने टिपलेलं तिने आपल्या फाइलीत उतरवून घेतलं नव्हतं. कशाला घेईल? तिकडे होतंच की. या धंद्यात सगळेच असं करतात आणि सगळेच एकदा तरी पस्तावतात.

जेवणाच्या सुट्टीत दाढी तिच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ डब्याच्या कडीशी खेळत राहिला.

"ताई, रागावू नका. मुलांची सरासरी चाल आहे आपल्याकडे, तयार. ती लावली तर... पाय तर तिचाच चालेल. घरी कुणाला काय कळणारेय?"

ती रागावली नाही. "लाव," म्हणाली.

दुपारभर मशीन गुरगुरत राहिलं. मग पडद्यावर पाय हलला. टाच टेकली, तळवा सरळ रेषेत दबत गेला, अंगठ्यावर रेटा आला, पाय सुटला. कुठे अडखळणं नाही, कुठे कलणं नाही. एक दिवस सरळ चालेल म्हणून सगळ्या डॉक्टरांनी एकेक करून कबूल केलं होतं, तसा. तिने पुन्हा एकदा लावायला सांगितलं. तीच बोटं, करंगळीवरचा तोच उंचवटा. छान चालत होता. परक्या मुलीसारखा.

"पूस," ती म्हणाली.

"राहू द्या ना, ताई. निदान..."

"पूस बाबा. हे घरी नेलं तर तिचे वडील हेच खरं धरतील. मग मीही धरेन."

दाढीने पुसलं. नंतर तो उगाचच पंख्याचा वेग कमी करायला उठला.

घरी नवरा दारातच उभा होता. पाठीचं दुखणं असलेला माणूस कधीपासून उभा होता कोण जाणे. टेबल पुसून, वर्तमानपत्रं उचलून लॅपटॉपला जागा करून ठेवली होती.

"चालतो?"

"नाही हो. नुसता आहे." आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. कुणी पुसलं, का पुसलं. तो काही तरी बोलेल म्हणून ती थांबली. तो खुर्चीवर बसला.

"दाखव," म्हणाला.

तिने फाइल उघडली. राखाडी पाय, अंगभर जाळी. टाच उचललेली, तळवा हवेत, बोटंही सुटलेली. फक्त अंगठ्याचं टोक जमिनीला टेकलेलं आणि तिथे तांबडा ठिपका.

"कुठे वळलाय गं?"

"यात नाही कळत. माप घेताना डॉक्टरांनी पाय सरळ धरला होता. वळायचा तो टेकला की. इथे नुसता अंगठा उरलाय."

नवरा पुढे वाकला. चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं.

"म्हणजे निघालीच होती," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने लॅपटॉप त्याच्याकडे थोडा सरकवला.

"पण एवढा मोठा कसा दिसतोय?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "हा तर माझ्याएवढा आहे."

"पडद्यावर हवा तेवढा करता येतो. फाइलीत नुसते आकडे असतात. इंच की सेंटीमीटर, ते नाही लिहिलेलं. ज्याने केलं त्यालाच ठाऊक."

"तुला आहे ना?"

"मला आहे."

"मग खरा केवढा, तेवढा कर."

शिवणाच्या डब्यातून तिने टेप आणली. पडद्याला लावून धरली आणि दुसऱ्या हाताने पाय लहान करत गेली. अजून. अजून थोडा. एकदा जास्तच लहान झाला, तेव्हा दोघंही एकदम "नाही नाही" म्हणाले. तिने तो परत वाढवला आणि हात काढून घेतला.

नवऱ्याने तळहात पँटला पुसला आणि पडद्यावर टेकवला. पाऊल त्याच्या हाताखाली पूर्ण झाकलं गेलं. तिने दिवा लावला नाही. पडदा आपोआप विझायला आला की ती एक बोट लावायची, की तो पुन्हा उजळायचा, आणि नवऱ्याच्या बोटांच्या फटींतून उजेड यायचा.