पंजाब म्हणे

पंजाबरावांचं भजन मोबाईलवर आलं. ते त्यांनी तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा ते संपायच्या आधीच संपलं.

भजन त्यांचं स्वतःचं. शब्द त्यांचे, चाल त्यांची. उंद्रीच्या भजनी मंडळात तीस वर्षं म्हटलं जात होतं आणि कुठंही लिहिलेलं नव्हतं. म्हणूनच दिवाळीत पुण्यात गाणी तयार करणारी भाची मंजुश्री रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आली, तेव्हा त्यांनी पंखा बंद केला, बायकोला, म्हणजे शालूबाईंना, भांडी घासायची मनाई केली, हिंमतरावांना ढोलकासकट बोलावलं आणि भजन म्हटलं. आपल्यामागं ते शब्द राहावेत, एवढीच इच्छा.

दोन महिन्यांनी आलं ते असं. आधी जमिनीखालून बोअरची मोटर चालल्यासारखी घरघर. मग आफ्रिकेतली कुठली तरी एकवीस तारांची वीणा. मग मंगोलियातले एक गृहस्थ घशातल्या घशात गायले.

"घसा बसेल हाय याचा," शालूबाई म्हणाल्या. "ज्येष्ठमध देल्लं नाही का कोणी?"

आणि त्यानंतर विहिरीच्या खोलातून यावा तसा पंजाबरावांचा आवाज:

हीर माही खोल, दोर माहा तोकडा
वर कोण उभा, त्याचा हात वाकडा
पंजाब म्हणे... म्हणे... म्हणे... णे...

पुढं नुसती मोटर. पंजाब काय म्हणे, याचा पत्ता नाही.

त्यांनी पुण्याला फोन लावला. "मंजू, माही शेवटची ओळ कुठी गेली?"

"मामा, हे डब आहे."

"डबा?"

"डब. गाण्यातून थोडं थोडं गाणं काढून घ्यायचं आणि उरेल ते घुमवायचं."

"मंग काढेल गाणं कुठी ठेवतं?"

मंजुश्री हसली. "खरं सांगू का मामा, ती ओळ ऐकूच येत नव्हती. तिथं हिंमतमामांनी ढोलक असा बडवलाय की नुसती दुगुनच आहे. मी रविवारी शाळेच्या मैदानात कार्यक्रमाला येतेच आहे. 'म्हणे' आलं की सगळं बंद करते, ओळ तुम्ही म्हणा. काय आहे हो ओळ?"

पंजाबरावांनी सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ओळ येईना.

तीस वर्षं त्या जागी हिंमतराव दुगुन, म्हणजे दुप्पट लय, धरत, ढोलक चढे, टाळ चढत, पंजाबरावांचं तोंड हाले. पण त्या गदारोळात ओळ त्यांच्या स्वतःच्या कानांनाही कधी ऐकू गेली नव्हती. आता ढोलक नाही म्हटल्यावर तोंडालाही काही सुचेना.

ते हिंमतरावांकडे गेले. "हिंमत, शेवटची ओळ आठवते का?"

हिंमतराव ढोलकाची दोरी ताणत होते. "तिथं दुगुन असते."

"दुगुनच्या खाली ओळ असते बे."

"असन."

शालूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी देवासाठी येत होती भजनाले. तुमच्यासाठी नाही."

तोवर गाणं गावभर झालं होतं. चहाच्या टपरीवाला भागवत रोज विचारी, "काय म्हणे मंग, पंजाबभाऊ?" आता आपल्याकडं 'म्हणे' हा शब्द कुणी जबाबदारी घ्यायला तयार नसेल अशा बातमीला लावतात. रस्ता होणार म्हणे. पोरगी पळाली म्हणे. पंजाबराव हयातीतच अफवा झाले.

रविवारी सकाळी मैदान भरलं. स्पीकरचे बॉक्स चिखलीहून आणलेले, त्यामुळे पोरं नाचायच्या तयारीनं आली होती. वीणा सुरू झाल्यावर ती कशावर नाचावं ते न कळून उभी राहिली. मोटर घरघरली. "म्हणे... म्हणे..." झालं आणि मंजुश्रीनं सगळं बंद केलं. माईक पुढं. समोर सातशे माणसं. पंजाबराव गळ्याचे पक्के, सूर सुटला नाही. त्याच चालीत त्यांनी खरं तेवढं म्हटलं:

पंजाब म्हणे, मले काही आठवेना.

मशीननं ते उचललं. "आठवेना... वेना... ना..." पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून मान डोलावली. पंजाबरावांना वाटलं, चुकलो. लोक म्हणाले, पोचलेला माणूस.

महिन्याभरानं सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी हीच ओळ घेतली आणि पाऊण तास सोडली नाही. विहीर म्हणजे देह. दोर म्हणजे आयुष्य. आठवेना म्हणजे आठवणारा 'मी'च उरला नाही. पंजाबराव पुढंच बसले होते; आपण नक्की काय म्हटलं, ते त्यांनाही कळून घ्यायचं होतं.

"आता सांगा," महाराज म्हणाले, "वर हात वाकडा करून उभा आहे तो कोण?"

पंजाबरावांच्या डोक्यात लख्ख झालं. सरपंच. भजन रचलं त्या सालचा.

त्यांनी शेजारच्या हिंमतरावांना कोपरानं ढोसलं. "आठवली बे. 'पंजाब म्हणे सरपंचा, नळ ओढ इकडा'. नळयोजनेसाठी केलतं मी भजन."

"मले माहीत आहे. सरपंच समोर बसला होता, म्हून तर ढोलक घातला वरून. सासरा होता माहा."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"काय सांगू? आपल्या गल्लीत नळ येऊन दहा वर्षं झाले. अन् आता तर महाराजबी लागून पडले त्याच्यामागं. राहू दे."

पण महाराजांनी कुजबुज पाहिली. "कवी इथंच बसले आहेत," ते हात जोडून म्हणाले. "त्यांनीच सांगावं, आमचा अर्थ बरोबर की चूक."

पंजाबराव उठले. अर्थ त्यांना पटला होता, ओळ त्यांना आठवली होती, आणि दोन्ही एका भजनात कसे मावावेत ते कळत नव्हतं. त्यांनी दुगुनीच्या सवयीनं हिंमतरावांकडं पाहिलं. हिंमतरावांचा ढोलक घरी होता. मग त्यांनी ओळ म्हटली. आहे तशी, सरपंचासकट.

महाराज 'नळ' या शब्दाचा काही अर्थ निघतो का ते पाहत होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला मागून जयमाला उभी राहिली. टेकडीवरच्या वस्तीत राहते ती. पदर सारखा करून म्हणाली, "बराबर बोलले भाऊ. आमच्याकडं अजून नाही आला."

महाराजांनी टाळकऱ्यांकडं पाहिलं. टाळकऱ्यांनी पुढं बसलेल्या आताच्या सरपंचाकडं.