बिनशिशाची चकती

अंबडच्या एका कारखान्यात मोतीरामनं सत्तावीस वर्षं शिशाची भुकटी चाळली. तिच्या चकत्या व्हायच्या, ठोकलं की वीज देणाऱ्या. चकत्या देशभर गेल्या आणि शिसं तेवढं मोतीरामच्या मूत्रपिंडांत मुक्कामाला राहिलं. आता तर डॉक्टरांनीही हात टेकले होते.

लेक उज्वला कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिशाविना तशीच चकती करायच्या मागे चार वर्षं हात धुऊन लागली होती. बाप म्हणायचा, शिशाबिगर चकती बोलत नाय, कुणीतरी शिशात हात घालायलाच लागतो. त्याचं हे म्हणणं त्याच्या डोळ्यांदेखत खोटं पाडायचं, एवढाच तिचा हट्ट.

आणि मंगळवारी चकती बोलली की! बेरियमची, रुपयाएवढी. तेलात बुडवून, विजेचा जबर दाब देऊन उज्वलानं ती जागी केली. बोटानं ठोकताच तारेला जोडलेला लाल दिवा लुकलुकला, आणि बाई तिथंच रडायला लागली. एकच धाक होता. ही चकती मोठी नाजूक. उकळत्या पाण्याइतकी तापली तरी सगळी वीज विसरते. म्हणून रिक्षात तिनं डबीवर ऊनसुद्धा पडू दिलं नाही.

घरी आल्यावर डबी ओट्यावर ठेवून ती वडिलांना, दादांना, उठवून बसवायला आत गेली. पाठीला उशा लावल्या, तारा मांडल्या. थोड्या वेळानं आईनं, बयाबाईनं, डबी आणून दिली.

मोतीरामनं बोट उचललं. त्यानं ठोकलं. दिवा लागला नाही. उज्वलानं तारा बदलल्या, स्वतः ठोकून पाहिलं, दहादा ठोकलं. मेल्या दिव्याला काही केल्या जाग येईना.

"जाऊ दे पोरी," तो म्हणाला. "शिशाबिगर नाय होत. तू जिवाला लावून घेऊ नको."

मरणाच्या दारातला माणूस, आणि उलट तिचीच समजूत घालत बसला. शुक्रवारी सकाळी तो गेला.

तेरावं उरकल्यावर भांडी लावता लावता बयाबाई सहज बोलून गेली. कामावरून आलेली वस्तू, मग कपडे असोत, डबा असो की किल्ल्या, खळखळत्या पाण्यातून काढल्याशिवाय तिनं कधी घरात घेतली नव्हती.

"तुझी चकतीपण उकळून घेतली होती मी. यांच्या हातात द्यायची म्हणल्यावर जीव राहीना."

उज्वला चकती घेऊन तडक कॉलेजात गेली. चकती पुन्हा तेलात सोडली, पुन्हा दाब दिला आणि ठोकली. पहिल्याच ठोक्याला दिवा लागला. तो भिंतीवर आपटून फोडावा असं तिला वाटलं.

संध्याकाळी तिचे सुजलेले डोळे पाहून आई घाबरली. चकतीचं काय झालं, माझ्या हातून काही चुकलं का, असं विचारू लागली. उज्वलानं तिचा हात हातात घेतला. पाण्याच्या वाफेनं वर्षानुवर्षं भाजून तो खरखरीत झाला होता.

"नाही गं आई," ती म्हणाली. "दादा खरंच सांगत होते. शिशाशिवाय नाही होत."

"बघ," बयाबाई डोळे पुसत म्हणाली, "त्यांना सगळं कळायचं."