चौदा स्थानकं आणि ओब्दुलियाची मूठ

ओब्दुलियाने गोळी गिळलीच नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हात तोंडाशी नेला, मान मागे टाकली, घसासुद्धा हलवला. पण मूठ मिटलेलीच राहिली आणि तशीच ॲप्रनच्या खिशात गेली.

आमच्या पिरिबेबुई गावात चर्चसमोरच्या मैदानात आम्ही नऊजणी आठवड्यातून तीन सकाळी व्यायामाला जमत होतो. सगळ्यांची पाळी जाऊन वर्षं लोटलेली, सगळ्यांचे सांधे सुजलेले. विद्यापीठातली डॉक्टर रोसालबा आम्हाला तासभर चालवायची, खुर्ची धरून उठाबशा काढायला लावायची आणि शेवटी प्रत्येकीला तिच्या नावाच्या बाटलीतली एक कॅप्सूल द्यायची. काही बाटल्यांत सूज उतरवणारी झाडपाल्याची भुकटी, काहींत नुसतं पीठ. कुणाला काय मिळतंय ते आपल्यालाही ठाऊक नाही, असं ती सांगायची. सोळा आठवड्यांनी रक्त तपासून मग काय ते कळणार.

"ठाऊक नाही म्हणे," मी आमच्यातल्या तोमासाला म्हटलं. "ओब्दुलिया रोसालबाची धर्माची आई. बाप्तिस्म्याला हिनेच तिला हातावर धरलं होतं. ती हिला पीठ चारील होय?"

"सिल्वेरियाबाई, तुझी सूज गुडघ्यातून डोक्यात चढलीय," तोमासा म्हणाली. "डोक्यासाठीही एक कॅप्सूल माग."

तिला हसायला काय जातं. माझा नवस होता. धाकटी लेक बाळंतपणात अडली, तेव्हा मी बोलले होते की पवित्र शुक्रवारी क्रूसाच्या वाटेवरच्या चौदाही स्थानकांवर गुडघे टेकीन. प्रभूने पोर आणि बाळ दोन्ही दिली. आणि मी? गेल्या वर्षी तिसऱ्या स्थानकावर बसले ती उठलेच नाही. मला खुर्चीवर बसवून घरी नेलं. मिरवणुकीपुढे गाणाऱ्या एलादियोबाबांचं गाणं लांब लांब जात होतं आणि मी खुर्चीत रडत होते. प्रभूच्या दुःखाची कथा ते गाऊन सांगतात, तेव्हा माझ्या हाडांत काहीतरी हलतं. ते ऐकल्याशिवाय माझं वर्ष सरत नाही.

व्यायामानंतर आम्ही ओब्दुलियाच्या दुकानापुढे बसायचो. तिचं दुकान झाडपाल्याचं. लाकडी उखळात ती पाला, मुळ्या कुटायची, बर्फाच्या पाण्याच्या जगमध्ये टाकायची आणि त्या पाण्याने तेरेरेचा, म्हणजे आमच्या गार पाल्याच्या चहाचा, पेला भरायची. शिंगाचा एकच पेला, एकच नळी, नऊ तोंडं. कुटताना मात्र हल्ली ती आमच्याकडे पाठ करून उभी राहायची. मला वाटलं, कळलं. खरी भुकटी साठवतेय आणि पुड्या बांधून गिऱ्हाइकांना विकतेय. आम्ही पिठावर उठाबशा काढायच्या, आणि हिने तालेवार व्हायचं.

फेब्रुवारीपर्यंत ती टेकाड न थांबता चढायला लागली. माझाही गुडघा बराच वाकायला लागला होता म्हणा, पण दुसऱ्याच्या पायांवर नजर खिळली की आपले पाय कुठे दिसतात?

बाटल्यांचं खोकं दुकानातच असायचं. एक दिवस ती बर्फ आणायला गेली. मी तिच्या नि माझ्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या ओल्या बोटाने सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. ओठांवर 'नमो मरिये'ची प्रार्थना चालू होती. जणू माउलीने तिकडे बघावं, इकडे नको.

चारेक दिवसांनी तोमासाने नळी तोंडातून काढली. "आज पाणी गढूळ लागतंय. मुळ्या धुतल्यास ना गं?"

"मुळ्या त्याच. टाकायची वस्तू बदललीय," ओब्दुलिया म्हणाली, आणि पेला भरून माझ्या हातात दिला. जरा वेळ तो सोडलाच नाही.

हिला कळलंय, मला वाटलं. मग वाटलं, कळणार कसं? पवित्र आठवड्यापर्यंत मी तिच्या प्रत्येक शब्दाला आतून-बाहेरून चाचपत राहिले. झोपताना जपमाळ हातात घ्यायची आणि मणी विसरायची.

शुक्रवारी संध्याकाळी संत्र्यांच्या सालींतले दिवे वाटेवर लागले. मी चार स्थानकांवर टेकले आणि उठले. पाचव्यावर एलादियोबाबांनी प्रभूचा क्रूस वाटेत खांद्यावर घेणाऱ्या कुरेनेकर शिमोनाची कथा धरली. "वाटेवरचा माणूस तो, शेतावरून घरी चाललेला," ते गात होते, "क्रूस त्याचा नव्हता गं बाई, खांदा मात्र त्याचा होता." मागून सगळ्यांनी तीच ओळ उचलली. मी गुडघ्यांवर होते आणि मला उठवेना. गुडघा दुखत नव्हता. ओब्दुलियाने हात पुढे केला होता, तो धरवत नव्हता.

"मी चिठ्ठ्या बदलल्या," मी म्हटलं. "तुझी बाटली मी घेतली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पुढच्याच कॅप्सूलपासून. तीस वर्षं मुळ्या विकतेय, जिभेला कळत नाही होय? पहिल्याच दिवशी चाखून बघितली होती. माझ्यात हळद आणि आलं होतं. नंतर हाती आलेल्या तुझ्यात रंगवलेलं मक्याचं पीठ."

"मग गिळत का नव्हतीस?"

"आठजणी समोर बसलेल्या. त्यांच्यातून एकटीने औषध खायचं? दर वेळी पाण्याच्या जगमध्ये टाकत होते. तूही पीतच होतीस की."

"आणि मी बदलल्यावर?"

"तुझं पीठ टाकलं. आता ऊठ, मागचे खोळंबलेत."

म्हणजे नऊजणींत वाटलं जाणारं मी एकटीने गिळत होते. दिवे डोळ्यांत विरघळले. मी तिचा हात धरला. सहाव्यावर टेकले, सातव्यावर टेकले. चौदाव्यावर खाली जाताना गुडघा कुरकुरला, तरी टेकले. उठताना ओब्दुलियाने एका बाजूने आणि तोमासाने दुसऱ्या बाजूने धरलं. नवसात एकटीने उठायचं असं मी बोलले नव्हते.

सोमवारी आम्ही दोघींनी रोसालबाला सगळं सांगितलं. तिने वही मिटली.

"धर्माची आई आहेस माझी," ती ओब्दुलियाला म्हणाली. "नऊच्या नऊ नावं खोडावी लागतील. उतरलेली सूज चालण्याची, हळदीची की जगमधल्या पाण्याची, मी कुणाला काय सांगू?"

"जे माहीत नाही ते नको सांगूस," ओब्दुलिया म्हणाली.

रोसालबाने आमची नावं आमच्यासमोरच खोडली. माझं खोडताना पेन जरा जास्त दाबलं, असं मला वाटलं. तो माझा संशयही असेल. मग बुधवारी किती वाजता चालायला यायचं, ते मीच तिला विचारलं.