पाठीमागं कोण उभं राहील?

शकुनबाईचा व्हिसा आला आणि त्याच सकाळी आंबागडच्या जंगलात मोहाचं पहिलं फूल पडलं. दुधात मिठाचा खडा म्हणतात तो हाच.

लेक रंजू ऑस्ट्रियात नर्स. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिचं पहिलं बाळंतपण. त्या दिवसांत तिकडच्या डोंगरांवरचा बर्फ वितळतो, कुरणं फुलतात, म्हणून जावयानं हौसेनं सासूचं तिकीट काढलं होतं. मार्चच्या शेवटी जायचं, जूनमध्ये परत. नवऱ्यालाही बोलावलं होतं, पण खेमराज म्हणाला, "बाळंतिणीजवळ माझं काय काम? गायीबैलाले कोण पाहीन?"

गायीबैलांचं निभलं असतं. शकुनबाईला घोर होता तो मोहाचा.

मोहफुलं पहाटे गळतात आणि उजाडता उजाडता वेचावी लागतात. आंबागडची रीत अशी, की एकानं वाकून वेचायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या पाठीमागं काठी घेऊन, जंगलाकडं तोंड करून उभं राहायचं. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, असं जुनी माणसं सांगत. गेल्या साली पल्याडच्या गावची एक बाई एकटीच वाकली होती. तिची टोपली तेवढी घरी आली. आणि हंगामात दुसरा जोडीदार मागावा तरी कुणाला? ज्याचा तो आपापल्या झाडाखाली. त्यात खेमराज उजव्या कानानं ठार बहिरा. अठ्ठावीस वर्षं त्याचा उजवा कान म्हणजे शकुनबाईच.

"यंदा मी मोह वेचाले जातच नाई," खेमराज म्हणाला.

"माझी आन घ्या."

त्यानं आन घेतली. क्षणभरही विचार न करता घेतली, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस पायात काटा मोडला असताना लंगडत मोहाखाली गेलेला. तो घरी बसणार? नाव सोडा!

तरी तयारी चालू राहिली. तुमसरच्या बाजारात ती स्वेटर घ्यायला गेली, तर दुकानदार कूलर झटकत होता. मार्चमध्ये स्वेटर मागणाऱ्या बाईला ताप तर नाही ना, अशा नजरेनं त्यानं पाहिलं. एरवी ती पोट धरून हसली असती. पण त्या दिवशी तिला काही हसू आलं नाही.

फोनवर रंजूनं खिडकीतून डोंगर दाखवला.

"तिथं वाघ हायेत का वो?" शकुनबाईनं विचारलं.

"नाई वो माय, गाई हायेत. त्याइच्या गळ्यात मोठाल्या घंटा." मग रंजूचा आवाज एकदम बारीक झाला. "मले लय भेव लागून राहिलं, माय. तू येऊन राहिली ना नक्की?"

"हव," शकुनबाई म्हणाली. लेकीजवळ गेली तर नवरा जातो, नवऱ्याजवळ राहिली तर लेक एकटी पडते. इकडे आड, तिकडे विहीर.

जायला सहा दिवस उरले होते. पहाटे तिला जाग आली तर शेजारची खाट रिकामी, खुंटीवरची टोपली नाही आणि कोपऱ्यातली काठीही नाही.

ती अनवाणीच धावली. आन घेणाऱ्याला आणि त्या आनेवर चार दिवस का होईना विसंबलेल्या स्वतःला, दोघांनाही ती मनातल्या मनात शिव्या घालत होती. नाल्यापाशी पोचली तोच वानरं खेकसली. वानरं उगाच खेकसत नाहीत, हे आंबागडातलं शेंबडं पोरही जाणतं. हाक मारून तरी काय उपयोग? उजवा कान इकडे असला तर त्याला ती ऐकू येणार होती थोडीच!

टोपली दिसली. पालथी पडलेली.

मग झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभा असलेला खेमराज दिसला. काठी दोन्ही हातांत घट्ट. सगळीकडे फुलांचा सडा, पण एकाही फुलाला हात लागलेला नव्हता. अंगरखा घामानं भिजून चिंब.

"काय करून राहिले वो तुमी?"

तो दचकला. मग ओशाळून खाली पाहू लागला. "एकट्यानं जमते का, पाहून राहिलो होतो. जमलं असतं तं तुह्या जीवाले घोर नसता. पण वाकताच येत नाई. वाकलो का मानीवर कोनाचा तरी श्वास लागते. टोपली बी हातातून सुटली. घंटाभरापासून असाच उभा हावो." मग हळूच म्हणाला, "कोनाले सांगू नोको."

अठ्ठावीस वर्षं ती याला निडर समजत आली होती. जंगलात त्याचा पाय कधी अडखळलेला तिनं पाहिला नव्हता. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. भेणारा माणूस एकटा वाकणार नाही. एकटा न वाकणारा माणूस जूनपर्यंत जगेल.

वानरं अजून खेकसत होती. तिनं त्याच्या हातातली काठी घेतली, त्याच्या पाठीमागं गेली आणि जंगलाकडं तोंड करून उभी राहिली.

"वाका आता."

तो वाकला. मागं वळून न पाहता लगेच वाकला.

तिनं डोळे पदरानं कोरडे केले, कारण भरल्या डोळ्यांनी पहारा होत नाही. मग त्याच्या डाव्या कानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "जाईन मी रंजूकडे. तुमी मातर असेच भेत राहा."