शंकेचा रकाना

तुमच्या चौकशी अहवालात पान अकरावर एक वाक्य आहे. ‘तपासणी कर्मचाऱ्याने पूल सुरक्षित असल्याचे प्रमाणित केले होते.’ अहवाल लिहिणाऱ्यांनो, हे वाक्य लबाड आहे, आणि लिहिताना ते तुम्हाला ठाऊक होतं.

खात्यात त्याला सगळे ठोक्या म्हणत. कालव्यावरचे लोखंडी पादचारी पूल त्याच्याकडे होते. एकोणतीस वर्षं तो पुलाच्या पट्ट्या जोडणारा एकेक रिव्हेट ठोकून बघत आला होता. एका बाजूला डाव्या हाताचं बोट टेकवायचं, दुसऱ्या बाजूने हातोडीचा हलका टोला द्यायचा. पक्का रिव्हेट खणखणतो. सैल असेल तर आवाज बसका येतो आणि बोटाला मुंगी चावल्यासारखं होतं. पण काही रिव्हेट ना धड खणखणत, ना धड चावत. जुन्या वहीत त्यांच्यासाठी मधला रकाना होता. चांगला, शंका, बदला. ‘शंका’ लिहिलं की दुसऱ्या दिवशी म्हातारे इंजिनियर स्वतः पुलावर येत, गुडघे टेकून कान लावत आणि उठताना ठोक्याचाच खांदा धरत.

म्हातारे निवृत्त झाले. वही गेली, टॅब आला. दोन बटणं, हिरवं आणि लाल.

“साहेब, शंकेचं बटण कुठंय?” ठोक्याने नव्या साहेबांना विचारलं.

“शंका घरी ठेवायची. कारभार आता डेटावर चालतो.”

सगळे हसले. ठोक्याही हसला, साहेब हसले की हसायचं म्हणून.

पहिल्याच महिन्यात त्याने एका रिव्हेटवर लाल दाबलं. यंत्रणेने आपोआप पूल बंद केला, चार तास माणसं दोन्ही काठांवर शिव्या घालत उभी राहिली. संध्याकाळी त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली.

“वरच्या कार्यालयातल्या पडद्यावर अख्ख्या राज्यात आपलाच विभाग लाल!” साहेब टेबल बडवत म्हणाले. “माझी काय शोभा झाली, कळतंय का तुला?”

त्यानंतर विभाग हिरवा राहिला. इतका की पुढे त्याला ‘सर्वोत्तम डिजिटल प्रशासन’ची ढाल मिळाली.

मग ती सकाळ. पुलाच्या दोन खांबांमधल्या तिसऱ्या गाळ्यात, कठड्याच्या बुडाशी, एका रिव्हेटपाशी ठोक्या अडला. तीनदा ठोकलं, तीनदा बोट हललं. पलीकडच्या वस्तीतली शिलाईवाली कपड्यांचं गाठोडं घेऊन चालली होती. रोजची ओळख.

“काय ठोकेदादा, लागते का नाडी?”

“लागते, पण ठोका चुकतोय. ताई, कडेनं नका जाऊ, मधनं जा.”

“मधनं सायकलवाले अंगावर येतात! आणि पूल पडलाच तर आधी तुम्हाला घेऊन पडेल, तुमचीच जास्त सलगी आहे त्याच्याशी,” म्हणत ती कडेनेच गेली.

एक बटण दाबल्याशिवाय टॅब पुढचा रिव्हेट दाखवत नव्हता. त्याने साहेबांना फोन लावला.

“लाल आहे का?”

“लाल म्हणवत नाही साहेब. पण बोटाला बरं लागत नाही.”

“मी वर काय कळवू? कर्मचाऱ्याच्या बोटाला बरं लागत नाही? हिरवं दाब आणि पुढं हो. आज आकडे जायचेत.”

त्याने हिरवं दाबलं. हे तो नाकारत नाही, कधीच नाकारलं नाही. खिशातल्या खडूने रिव्हेटभोवती गोल काढला आणि पुढे सरकला.

एकोणिसाव्या दिवशी कठडा सुटला. शिलाईवाली खाली कालव्यात गेली. गाठोडं दोन मैलांवर सापडलं. गाठ सुटली नव्हती.

ठोक्या तिच्या घरी गेला. सगळे जाऊ नको म्हणत असताना गेला. तिचा नवरा शिलाई मशीनवर हात ठेवून बसला होता.

“तुम्हाला माहीत होतं?”

“शंका होती.”

“मग लिहिली का नाही?”

कुठे लिहायची, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार?

चौकशीत पडद्यावर एकच प्रश्न होता. आपण ‘सुरक्षित’ हा पर्याय निवडला होता काय? होय किंवा नाही.

“आणि फोनचं?” ठोक्याने विचारलं.

“संभाषणाची नोंद यंत्रणेत नाही. होय म्हणा, सही करा. बदलीवर निभावेल,” तुम्ही म्हणालात.

घरी बायकोने हात जोडले. “करून टाका हो सही. एवढ्या लोकांत तुम्ही एकटेच का कडू होताय?”

“सही केली तर तिला मी एकट्यानं मारलं, असं होतं गं. माझा वाटा मी घेतो. बाकीच्यांचा कशाला उचलू?”

दुसऱ्या दिवशी त्याने पडद्याला हात लावला नाही. कोरा कागद मागितला. असा कागद आता दप्तरात मिळत नाही म्हणून शिपायाने कॅलेंडरचं मागलं पान फाडून दिलं. त्यावर ठोक्याने घडलं ते लिहिलं, फोनची वेळसुद्धा लिहिली. तुम्ही ते पान अहवालाला जोडलं नाही आणि त्याला घरी बसवलंत.

आता तो विचारत नाही, आम्ही, त्याच्या खात्यातली माणसं, विचारतो. त्या वहीत तीन रकाने होते. बटणं दोनच ठेवायची, हे ज्या खोलीत ठरलं तिथे कोण कोण बसलं होतं? त्यातल्या एकाने तरी आयुष्यात एखाद्या रिव्हेटला बोट लावलं होतं का? होय किंवा नाही चालणार नाही. नावं सांगा.