दमियानाचा अळणी रस्सा

या, जरा जवळ सरकून बसा. चर्चमधल्या झांजा अजून वाजायच्या आहेत, तोवर आमच्या इजिप्तमधल्या मिन्या गावच्या दमियानाची गोष्ट सांगते.

आमच्याकडे नाताळाआधी दीड महिना उपास. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. सणाच्या संध्याकाळी सगळे चर्चला जातात, आणि परत आल्याबरोबर ताटात फत्ता लागतो: भाजलेली रोटी, वर भात, वर मांसाचा रस्सा. तो शिजवायला घरात कुणीतरी मागे राहतं. दमियानाच्या घरात ती दमियानाच. लग्न झाल्यापासून नाताळची जन्मकथा तिनं कधी चर्चमध्ये ऐकलीच नव्हती. अबूना, म्हणजे आमचे पाद्री, ती गाऊन सांगतात, आणि असं गातात की दगडालाही ऐकावंसं वाटेल. तिच्या कानी यायची ती फक्त कुकरची शिट्टीवर शिट्टी.

एका वर्षी तिनं मुलांना विचारून पाहिलं, साधं चीज-अंडी खाऊ या का. मुलगा अबानूब हसला. "आई, दीड महिना उसळ गिळलीय. फत्ता नसेल तर मी शेजारी जेवायला जातो बघ." लेक फेबी म्हणाली, तुझ्या हातची चव दुसऱ्या कुणाला नाही. झालं, दमियानानं मांस शिजत घातलं.

सगळे गेले. रस्सा उकळायला लागला आणि तिला आठवेना, मीठ घातलं की नाही. चाखावं तर उपास. मुलं लहान होती तेव्हा त्यांच्या जिभेवर थेंब ठेवून विचारायची. लहानांना कुठला उपास? आता घरात विचारायला कुणी नव्हतं. ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली. बराच वेळ.

मग तिनं गॅस बंद केला. मिठाचा डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला, शाल घेतली आणि निघाली.

बायकांच्या बाजूला कुणी तिची जागा धरून ठेवली नव्हती. ती खांबाशी उभी राहिली. अबूना गात होते, त्या माउलीला त्या रात्री कुठे जागा मिळाली नाही, बाळ गव्हाणीत निजवावं लागलं. दमियानाचे डोळे वाहू लागले. पुढच्या बाकावरून फेबीनं मागे वळून पाहिलं, दचकली, आणि दबक्या आवाजात विचारलं,

"आई, तू इथं? मग चुलीपाशी कोण?"

"कुणी नाही," दमियाना म्हणाली, आणि पुन्हा अबूनांकडे पाहू लागली.

घरी रस्सा कोमट निघाला, आणि अळणी. अबानूब थोडा कुरकुरला, मग मीठ घालून दोनदा वाढून घेतलं. गप्पा झाल्या, हसणं झालं. इतक्या वर्षांनी चर्चमध्ये काय ऐकलंस, हे मात्र तिला कुणी विचारलं नाही.  ताटं उचलताना ती तेवढी अबूनांची चाल हलकेच गुणगुणत होती.

तुम्ही सणाच्या ताटावर बसाल तेव्हा तिची आठवण ठेवा. आणि तुमच्या घरी जी चुलीपाशी असेल, तिला हाक मारून जवळ बसवा.