साडूचं चाक

माझ्या चाकामागची पांढरी चिकटपट्टी मी नखानं सोलली आणि साडूच्या चाकामागं दाबून बसवली. त्याची पिवळी माझ्या चाकाला लावली. तो बाहेर नळावर हात धूत होता. चुटकीसरशी झालं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याची नोकरी सुटली तेव्हा मीच त्याला या वर्कशॉपात आणलं. गाडीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांवरचा जुना रंग काढून त्यांना पॉलिश करायचं, हे आमचं काम. रंग काढायचं औषध फासलं की रंग भाजल्या कातडीसारखा फुगतो. तो खरवडायचा, मग पाणी मारत आधी जाड पॉलिश पेपरनं घासायचं, नंतर बारीक, शेवटी मशीनवर झिलई. मी वीस वर्षं हेच करत होतो. तो दोन वर्षांत शिकला. वर गिऱ्हाइकांशी गोड बोलायलाही शिकला.

घरी बायको म्हणायची, धाकटीच्या यजमानांचे हात बघा, सोनाराचे वाटतात. माझे हात ती रोज बघत होती, त्यांच्याबद्दल कधी काही बोलली नाही. तेव्हापासून मी त्याला पाण्यात पाहायला लागलो.

अशात मालकीणबाईंनी ठरवलं, एकानं फक्त मोरीवर औषध आणि खरवडणं बघायचं, दुसऱ्यानं खिडकीपाशी बसून झिलई. कुणी कुठं, हे ठरवायला दोघांना एकेक चाक दिलं, मागं ओळखीची पट्टी लावून.

ट्यूबलाइटखाली त्याचं चाक आरशासारखं दिसत होतं. माझं त्याच्यापुढं निस्तेज. चाक उन्हात नेल्याशिवाय बरंवाईट ठरवू नये, हे मीच सगळ्यांना सांगत आलो. त्या दिवशी नेलं नाही. काय दिसेल याची भीती वाटली, आणि मी पट्ट्या बदलल्या.

बाईंनी मात्र दोन्ही चाकं अंगणात उन्हात ठेवली. एकावर जाड पेपरच्या रेघा उठल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. दुसऱ्यावर एकही नाही. आरा जिथं कडेला मिळतो त्या खाचेत त्यांनी बोट घातलं.

"इथवर मशीन पोचत नाही," त्या म्हणाल्या. "तरी आतपर्यंत चकाकतंय. हेच."

चाक उलटलं. पिवळी पट्टी.

माझंच चाक जिंकलं होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाई हलकेच म्हणाल्या की वय झालं की नजर जराशी, आणि मला मोरी दिली. साडूनं ते चाक हातात घेऊन फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं. आपल्या हातचं काम कुणाला ओळखू येत नाही?

दुपारी तो मोरीवर आला. मी औषध फासत होतो.

"दादा, ते चाक माझं नव्हतं. बाईंना सांगतो, पट्ट्या निसटल्या असतील म्हणून."

त्याचा हा चांगुलपणाच मला खुपत आला होता.

"उपकार नकोत. बस तिथं खिडकीपाशी."

"बसेन. पण बाई उद्या पुन्हा त्या खाचेत बोट घालणार. मला ती जमत नाही. तुम्ही कधी दाखवलीच नाहीत."

खरं होतं. बाकी सगळं शिकवलं, तेवढी खाच मागं ठेवली होती. त्याच्याकडे पाठ करूनच मी ती करायचो.

तेव्हाही दाखवली नसती तरी चाललं असतं. आठवड्यात तो उघडा पडला असता आणि खिडकी माझी झाली असती.

मी हातमोजे काढले. जुन्या बनियनची मऊ चिंधी त्याच्या करंगळीला गुंडाळली, तिच्यावर पॉलिश लावलं आणि मनगट धरून शेजारच्या घासून ठेवलेल्या चाकाच्या खाचेत बोट फिरवलं. "दाबू नकोस," म्हणालो, "नुसतं फिरव. चिंधी गरम लागली की थांबायचं."

पहिल्याच खाचेत त्याला जमलं. मला चार वर्षं लागली होती.

मी त्याचं मनगट सोडलं आणि हातमोजे चढवले. मोरीतल्या चाकावरचा फुगलेला रंग एव्हाना वाळून पुन्हा चिकटला होता. त्यावर नव्यानं औषध फासायला घेतलं.